डोंगर भांड्यात कसा उतरतो?

चिनी मातीच्या प्रदर्शनात एखाद्या वाडग्याशेजारी ‘भीमाशंकर’ अशी चिठ्ठी दिसली की पाहणारा हमखास विचारतो, “यात भीमाशंकर कुठं आहे?” प्रश्न रास्त आहे. वाडग्यावर डोंगर काढलेला नसतो, देऊळ नसतं, शेकरू नसतं. असते ती काळपट झिलई, काठाशी थोडा तांबूसपणा आणि बुडाशी उघडी ठेवलेली माती. चित्रकारानं डोंगर पाहिला आणि रंगवला, हे कुणालाही कळतं. मातीकाम करणारा निसर्गातून प्रेरणा घेतो म्हणजे नेमकं घेतो काय?

मला याचं उत्तर फार सरळ वाटतं. कुंभाराला डोंगर समोर दिसतो, तसा हातातही येतो. त्याची माती म्हणजे झिजलेला डोंगर. त्याची झिलई म्हणजे वितळवलेला डोंगर. ज्या घटनांनी सह्याद्री घडला, त्यातल्या बऱ्याचशा तो भट्टीत पुन्हा घडवून आणतो. त्यामुळं भीमाशंकरकडं तो ज्या नजरेनं पाहतो, ती नजर समजून घ्यायची तर सुरुवात दगडापासून करावी लागते.

१. काळा कातळ आणि भट्टीची आच

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर, आंबेगाव, खेड या तालुक्यांच्या पश्चिमेचा, भीमाशंकरसकट, सगळा डोंगराळ भाग एकाच दगडाचा आहे. त्याला आपण काळा पाषाण किंवा कातळ म्हणतो, भूशास्त्रात बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा नवा लाव्हा आला. असे थरावर थर साचून दख्खनचं पठार तयार झालं. भीमाशंकरच्या नागफणी या टोकावरून कोकणाकडं पाहिलं की कड्यांच्या उभ्या भिंतीत हे थर आडव्या पट्ट्यांसारखे स्पष्ट दिसतात.

आता एक आकडा लक्षात ठेवा. बेसॉल्टचा लाव्हा बाहेर पडतो तेव्हा त्याचं तापमान साधारण ११०० ते १२०० अंश सेल्सिअस असतं. गावातल्या कुंभाराचा आवा, म्हणजे गोवऱ्या, लाकूड आणि पेंढा रचून केलेली उघडी भट्टी, बहुधा ७०० ते ९०० अंशांपर्यंत जाते. त्या आचेवर माती पक्की होते, दगड वितळत नाही. मात्र स्टोनवेअर नावाची टणक भांडी भाजणारी बंद भट्टी १२०० ते १३०० अंशांपर्यंत जाते. म्हणजे भीमाशंकरच्या कातळाची पूड भांड्याला लावून त्या भट्टीत ठेवली, तर दगड पुन्हा लाव्हा होतो आणि भांड्याच्या अंगावर वाहू लागतो.

बेसॉल्ट वापरणाऱ्या कलावंताला डोंगराचं ‘चित्र’ काढायची गरज उरत नाही ती यामुळं. जे कोट्यवधी वर्षांपूर्वी घडलं, ते एका रात्रीत हातभर जागेत घडवायची सोय त्याच्यापाशी आहे.

२. दगडाची माती कशी होते?

दगडावर पाऊस पडतो, उन्हानं तो तापतो, थंडीनं आकसतो, झाडांची मुळं भेगांत शिरतात. हळूहळू त्यातली खनिजं पाण्याशी संयोग पावून बदलतात आणि त्यांचे अतिसूक्ष्म चपटे कण बनतात. हे कण ओले झाले की एकमेकांवर सरकतात, म्हणून माती लवचीक होते आणि दिलेला आकार धरून ठेवते. वाळूला हे जमत नाही, कारण वाळूचे कण जाडे, गोलसर असतात.

पण एकाच दगडापासून सगळीकडं एकसारखी माती होत नाही. कोणती माती होणार हे बरंचसं पाऊस ठरवतो. भीमाशंकरच्या माथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इतक्या पाण्यात दगडातले विरघळणारे क्षार वाहून जातात आणि लोह मागं राहतं. म्हणून घाटमाथ्यावर माती तांबूस असते. पूर्वेला शिरूरच्या बाजूला पाऊस पाचशेच्या आसपास येतो. तिथं क्षार जागीच राहतात आणि काळी, चिकण, कापसाची जमीन बनते.

काळी माती शेतकऱ्याला लाभते, पण कुंभाराला छळते. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना इतकी आकसते की उन्हाळ्यात शेताला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. तिचं भांडं केलं तर तेही तसंच तडकतं. यावरचा उपाय कुंभारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. नदीचा किंवा तळ्याचा गाळ घ्यायचा आणि त्यात लीद, राख, भाताचं तूस किंवा बारीक वाळू मिसळायची. या भरीमुळं माती कमी आकसते आणि आतलं पाणी बाहेर पडायला वाट मिळते.

आकसण्याचा हिशेब एकदा करून पाहू. समजा तुमची माती ओल्यापासून भाजून निघेपर्यंत १२ टक्के आकसते आणि तुम्हाला २० सेंटीमीटर व्यासाचं ताट हवंय. तर चाकावर किती मोठं करायचं? भाजल्यावर १०० चे ८८ उरतात, म्हणून २० ला ०.८८ नं भागायचं. उत्तर येतं जवळजवळ २२.७ सेंटीमीटर. चाकावर बसलेला माणूस आज दिसणाऱ्या आकारापेक्षा उद्या उरणारा आकार डोळ्यांसमोर ठेवूनच हात चालवतो.

आणि एकदा भाजलं की परत फिरता येत नाही. साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या कणांत रासायनिक रूपानं बांधलेलं पाणी निघून जातं. नुसतं वाळवलेलं मडकं पाण्यात टाकलं तर विरघळून पुन्हा चिखल होतो. भाजलेल्या मडक्याचा होत नाही.

३. झिलईत काय असतं?

भांड्यावरचा काचेसारखा चकचकीत थर म्हणजे झिलई. स्टुडिओत काम करणारे त्याला ग्लेझ म्हणतात. तिला तीन गोष्टी लागतात. पहिली सिलिका, म्हणजे वाळूतलं मुख्य द्रव्य. तिची काच होते. पण एकटी सिलिका वितळायला १७०० अंश लागतात, एवढी आच स्टुडिओतल्या भट्टीत नसते. म्हणून दुसरी गोष्ट लागते ती वितळणबिंदू खाली आणणारी द्रव्यं : चुना, पोटॅश, सोडा, मॅग्नेशिया. तिसरी ॲल्युमिना, जी मातीत असते. ती वितळलेल्या काचेला घट्टपणा देते, नाहीतर सगळी झिलई ओघळून भट्टीच्या फरशीवर जाईल.

आता भीमाशंकरच्या परिसरात ही द्रव्यं शोधू. चुलीतल्या लाकडाच्या राखेत चुना आणि पोटॅश भरपूर असतं, म्हणजे वितळवणारं द्रव्य तिथं मिळालं. भाताच्या तुसाची राख तर नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिकाच असते. आंबेगावच्या पश्चिमेकडच्या गावांत भात हेच मुख्य पीक आहे, तेव्हा तुसाला तोटा नाही. ॲल्युमिना मातीतून येतं. आणि बेसॉल्टमध्ये तर सिलिका, ॲल्युमिना, चुना, मॅग्नेशिया, लोह असं सगळं आयतंच असतं.

राखेची झिलई नवी नाही. चीनमध्ये साडेतीन हजार वर्षांपूर्वी लाकडाच्या भट्टीत उडालेली राख भांड्यांच्या खांद्यावर बसून वितळली, तिचा हिरवट थर तिथल्या कुंभारांनी पाहिला आणि पुढं तो मुद्दाम करायला घेतला. जपानमध्ये तुसाच्या किंवा पेंढ्याच्या राखेपासून दुधाळ पांढरी झिलई करतात. श्रावणात भीमाशंकरच्या जंगलात उतरणारं धुकं पाहिलेल्या माणसाला त्या पांढऱ्या रंगाची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही.

विसाव्या शतकात या स्थानिक दगड-राखेच्या वाटेला मोठा मान मिळवून दिला तो जपानचे कुंभार शोजी हमादा यांनी. त्यांनी १९२० साली इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच यांच्यासोबत इंग्लंडमध्ये सेंट आइव्ह्‌ज इथं भट्टी उभारली आणि मायदेशी परतल्यावर माशिको या गावी मुक्काम ठोकला. तिथलीच माती, तिथलाच दगड, तिथलीच राख असा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडं निर्मला पटवर्धन यांचं ‘हँडबुक फॉर पॉटर्स’ हे पुस्तक १९८४ मध्ये आलं. झिलईचं गणित या देशातल्या मातीकाम करणाऱ्यांच्या हाती देणाऱ्या पुस्तकांत त्याला मी फार वरची जागा देतो.

४. एकाच दगडाचे दोन रंग

आता जरा वेळ काढून थांबावं अशी जागा आली. बेसॉल्टमध्ये लोहाच्या संयुगांचं प्रमाण ढोबळमानानं १३ टक्के धरू. झिलईचा रंग मुख्यतः या लोहावर ठरतो.

समजा झिलईच्या १०० भागांत बेसॉल्टची पूड ६० भाग घातली आणि उरलेले ४० भाग राख, माती आणि लोह नसलेलं फेल्डस्पार नावाचं पांढरं खनिज. मग झिलईत बेसॉल्टमधून लोह किती येईल? १३ चे ६० टक्के, म्हणजे ७.८ टक्के. इतक्या लोहाची झिलई गडद तपकिरी ते काळी होते. काठाशी, जिथं थर पातळ असतो, तिथं ती तांबूस होते. पावसात भिजलेला कातळ असाच काळा असतो आणि त्याच्या कडा अशाच तांबारलेल्या असतात. कारणही दोन्हीकडं एकच आहे : लोह आणि हवेतला प्राणवायू.

आता उलटा हिशेब करू. फिकट हिरव्या झिलईला लोह दीड टक्काच लागतं. १.५ ला १३ नं भागून शंभरानं गुणलं की येतात साडेअकरा, म्हणजे सुमारे १२ भाग बेसॉल्ट पुरे. पण हिरवा रंग नुसत्या प्रमाणानं येत नाही, त्याला कोंडलेली आग लागते. भट्टीत पुरेशी हवा येऊ दिली नाही की ज्वाला प्राणवायूसाठी झिलईतल्या लोहाकडं वळते आणि त्याच्याकडचा थोडा प्राणवायू काढून घेते. लोहाचं रूप बदलतं आणि पिवळसर तपकिरी रंगाच्या जागी हिरवा येतो. स्टुडिओत याला रिडक्शन म्हणतात.

हा हिरवा रंग चीनच्या प्रसिद्ध निळसर हिरव्या झिलईइतका स्वच्छ मात्र येत नाही. बेसॉल्टमध्ये दोन-तीन टक्के टायटॅनियमचं संयुगही असतं, ते रंगाला थोडा मातकट, शेवाळी करतं. काही कलावंत हा दोष समजून बाहेरून शुद्ध द्रव्यं मागवतात. मला ते पटत नाही. जंगलातल्या अंजनीच्या झाडाच्या जुन्या पानाचा रंग तसाच असतो, आणि तो रंग इथल्या दगडानं स्वतःहून दिलेला असतो.

प्रयोग कसा करावा? मातीच्या अकरा छोट्या पट्ट्या घ्याव्यात. पहिलीवर नुसती बेसॉल्टची पूड, दुसरीवर ९० भाग पूड आणि १० भाग राख, तिसरीवर ८० आणि २०, असं करत अकराव्या पट्टीवर नुसती राख. प्रत्येकीच्या पाठीवर लोहाच्या रंगानं क्रमांक घालावा, म्हणजे भाजल्यावर पुसला जाणार नाही. एका भट्टीत अकरा उत्तरं मिळतात. पूड खडी-क्रशरवरच्या कचेपासून करावी. ती शंभर नंबरच्या चाळणीतून पाणी घालून गाळावी. कोरडी चाळू नये, त्या धुळीनं फुफ्फुसं बिघडतात.

भीमाशंकरचं जंगल १९८५ पासून अभयारण्य आहे. तिथून दगड, माती, साल, दगडफूल काहीही उचलू नये. अभयारण्याबाहेरच्या खाणीतला दगड त्याच लाव्ह्याचा असतो, तेव्हा जंगलातला दगड उचलायला कारणच उरत नाही.

५. थंड होताना काय होतं?

भट्टी तापवणं हे अर्धंच काम. साखरेचा पाक करणाऱ्या गृहिणीला पुढचं अर्धं ठाऊक असतं : त्याच पाकाची कधी स्वच्छ काचेसारखी वडी होते, तर कधी त्यात साखरेचे कण धरतात. वितळलेल्या दगडाचंही असंच आहे. झटकन थंड झाला तर कणांना जुळून यायला वेळ मिळत नाही आणि काच होते. सावकाश थंड झाला तर आत स्फटिक वाढतात.

डोंगरातही हेच घडलं. जाड प्रवाहाच्या पोटातला लाव्हा सावकाश निवला, तिथला दगड दाणेदार आहे. वरच्या अंगाला जो लवकर थिजला, त्यात वायूचे बुडबुडे अडकून भोकं राहिली. नंतर त्या भोकांत पांढरी खनिजं भरली गेली. घाटातल्या दगडात पांढरे ठिपके दिसतात ते हेच. बेसॉल्टची काळी झिलई ११०० ते १००० अंशांच्या दरम्यान काही तास रेंगाळू दिली की तिच्यावरही बारीक स्फटिक धरतात आणि चकाकी मरून तिला दगडाचा मंद पोत येतो.

दगडफुलाचा पोत आणखी वेगळ्या रीतीनं येतो. भीमाशंकरच्या दमट हवेत झाडांच्या खोडांवर राखाडी-हिरवी दगडफुलं चिकटलेली असतात, बेटाबेटांनी पसरलेली, मध्ये खोडाची साल दिसणारी. झिलईत मॅग्नेशियम कार्बोनेट भरपूर घातलं की ती वाळतानाच आकसून तडकते. भाजताना ते तुकडे पसरून एकजीव होत नाहीत, आपापल्या जागी गोळा होतात. भांड्यावर झिलईची बेटं आणि मध्ये उघडी माती असा पोत तयार होतो. कारखान्यात हा दोष मानतात. इथं तो मुद्दाम आणलेला असतो, आणि त्यामागची क्रिया उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या काळ्या जमिनीचीच आहे.

६. भाजलेली माती डोंगरातही असते

माळशेजसारख्या घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो, तिथं दोन काळ्या थरांच्या मध्ये वीटकरी रंगाचा पातळ पट्टा पुष्कळदा दिसतो. एक प्रवाह थिजल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये मोठा काळ गेला. त्या काळात वरचा दगड झिजून त्याची माती झाली, मग तिच्यावर हजार अंशांहून तप्त लाव्हा पसरला. माणूस जन्माला येण्याच्या कितीतरी आधी निसर्गानं इथं माती भाजली होती. काळ्या भांड्याच्या अंगावर एकच तांबडी रेघ ओढणाऱ्या कलावंताला ही गोष्ट ठाऊक असेल, तर ती रेघ कुठं आणि किती जाड ओढायची हे त्याला कुणी सांगावं लागत नाही.

आकाराच्या बाबतीत जुन्नरकडं नाणेघाटात एक नमुना उभा आहे. सातवाहनांच्या काळापासून वापरात असलेल्या या घाटाच्या तोंडाशी दगडात कोरलेला मोठा रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असं लोक सांगतात. कुंभाराचा आकार पाथरवटानं उचलला आणि तोच कातळ वापरला. पोटाशी फुगीर, तोंडाशी आवळलेला, जमिनीवर ऐसपैस बसलेला हा रांजण ज्याला मोठी भांडी घडवायची आहेत त्यानं चारी बाजूंनी फिरून पाहावा.

७. बोरीची राख

जुन्नर तालुक्यातच कुकडी नदीकाठी बोरी नावाचं गाव आहे. तिथं नदीच्या गाळात पांढुरक्या, मऊ राखेचा थर सापडतो. ही राख सह्याद्रीची नाही. ती आली सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीतून, तीन हजार किलोमीटरांहून लांबून, वाऱ्यावर. तोबाचे उद्रेक एकाहून अधिक वेळा झाले. बोरीची राख ७४ हजार वर्षांपूर्वीच्या शेवटच्या महाउद्रेकाची की त्याहून कितीतरी जुन्या उद्रेकाची, यावर अभ्यासकांत मोठा वाद झाला. याच ठिकाणी आदिमानवाची दगडी हत्यारंही मिळाली, म्हणून या वादाला महत्त्व आलं.

मातीकामाच्या नजरेनं पाहिलं तर या राखेचा प्रत्येक कण काचेचा आहे. त्यात सत्तर टक्क्यांहून जास्त सिलिका आहे. निसर्गानं वितळवून, उडवून, निववून तयार केलेली ही झिलईच. जपान, इटली, अमेरिका इथले कुंभार आपापल्या ज्वालामुखींची राख झिलईत वापरतात. बोरीची मात्र वापरू नये. तिच्यातून माणसाच्या प्राचीन इतिहासाची कालगणना होते, तिला भट्टीत घालणं म्हणजे पोथीचं पान चुलीत घालणं आहे.

८. घोडकाठचे कुंभार

आहुपे-भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावणारी घोड नदी डिंभे धरणातून, घोडेगावावरून पूर्वेला जाते. तिच्या काठी शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात तिथं उत्खनन केलं. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी या तिघांची नावं त्याच्याशी कायमची जोडली गेली आहेत. इसवीसनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षं तिथं शेतकऱ्यांची वस्ती होती. त्या वस्तीत कुंभाराची भट्टीही सापडली.

इसवीसनापूर्वी १४०० च्या सुमारास तिथं जी भांडी बनू लागली, त्यांना संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावावरून जोर्वे भांडी म्हणतात. चाकावर घडवलेली, पातळ अंगाची, इतकी चांगली भाजलेली की बोटानं टिचकी मारली तर धातूसारखा खणखणीत नाद येतो. अंग नारिंगी-तांबडं, चकाकी नसलेलं, त्यावर काळ्या रेघा. कंगोरा काढलेले वाडगे आणि लांब तोटीची भांडी ही त्यांची खूण. लहान मूल दगावलं तर दोन घट तोंडाला तोंड लावून त्यात त्याला ठेवत आणि घराच्या जमिनीखाली पुरत.

या कुंभारांपैकी कुणी ‘निसर्गातून प्रेरणा’ असं म्हटलं असेल असं वाटत नाही. त्यांच्या भांड्यांत घोडकाठ मात्र पुरेपूर आहे. नदीनं आणलेला गाळ म्हणजे पश्चिमेच्या बेसॉल्टचाच चुरा. भांड्याचा तांबडा रंग त्यातल्या लोहाचा आणि मोकळ्या हवेच्या आगीचा. चौथ्या विभागात पाहिलेला लोह आणि प्राणवायूचा खेळ या माणसांना हिशेबाविना अवगत होता.

पुढं इसवीसनापूर्वी १००० च्या सुमारास चित्र पालटलं. ढवळीकरांच्या मते पाऊस घटला, हवामान कोरडं झालं. चौकोनी मोठ्या घरांच्या जागी छोट्या गोल झोपड्या आल्या. भांडी घडतच होती, पण ती आता जाडीभरडी होती आणि त्यांच्यावरचं रंगकाम कमी होत गेलं. इसवीसनापूर्वी ७०० च्या सुमारास लोक गाव सोडून गेले. इनामगावचा कुठला थर कोणत्या काळातला हे उत्खनन करणाऱ्यांना ओळखायचं होतं, तेव्हा त्यांनी सर्वांत आधी हाती घेतली ती खापरंच.